साडेचारची चकती

मी वाल्बुर्गा. केल गावच्या सुपरमार्केटात
मांसाच्या काउंटरमागे एकवीस वर्षं.
सकाळी सुरीला धार, केस टोपीत,
मग दिवसभर तेच : पातळ कापू की जाड? अजून काही?

ऱ्हाईनवरच्या पुलावरून ट्राम येते
आणि पलीकडचं स्ट्रासबुर्ग थोडं थोडं इकडे उतरतं,
रिकाम्या पिशव्या काखोटीला मारून.
लंगोट इकडे स्वस्त, शाम्पू स्वस्त,
टूथपेस्ट तर डझनानं नेतात,
जणू पलीकडे माणशी दातच जास्त.
चीज मात्र इथलं घेत नाहीत.
उचलतात, हुंगतात, जागेवर ठेवतात,
दुसऱ्याचं तान्हं परत द्यावं तसं, अलगद.

आमची पोरं सदा काहीतरी चघळणारी.
बाबागाडीत ब्रेत्सेल,
अर्धं पोटात, अर्धं गादीच्या शिवणीत.
डबीत सफरचंदाच्या फोडी,
बसथांब्यावर, वाळूत, दवाखान्याच्या बाकावर.
झाकणाचा टक् आवाज आला
की समजावं, पोर अलीकडचं.

पलीकडच्यांच्या पोटात घड्याळ असतं.
साडेचार वाजता पाव, पावात चॉकलेटची वडी,
टेबलाशी बसून, पाय न हलवता.
त्याआधी काही नाही. त्यानंतर थेट रात्रीचं जेवण.
मधेच भूक लागली तर? विचारलं होतं मी एकीला.
‘लागू दे की,’ म्हणाली, ‘भूक काय चावते?’

माझ्या काउंटरचा मात्र एकच नियम,
कुठे लिहिलेला नाही, साहेबांना विचारलेला नाही :
पोर दिसलं की सॉसेजची एक चकती.
काचेवरून वाकायचं, दोन बोटांत धरून द्यायची.

मंगळवारी, तीन वाजून दहा मिनिटांनी,
मादाम श्नेबेलेन आल्या, सोबत नातू माएल.
मी वाकले. त्यानं हात पुढे केला.
‘नाही,’ त्या फ्रेंचमध्ये म्हणाल्या, ‘साडेचार वाजले नाहीत.’
त्याचा हात हवेत, माझाही हवेत,
मधे काच, काचेत आमची तिघांची तोंडं
आणि खाली डुकराची जीभ, किलोचा भाव लावून.

फ्रेंच मला फक्त आकड्यांपुरतं येतं.
म्हणून माझ्याच गावठी बोलीत पुटपुटले,
अगं बाई, कागदाएवढी तर आहे.

त्यांनी मान वर केली.
आणि उत्तर आलं ते त्याच बोलीत,
माझी मावशी बोलायची तसे शब्दांचे काठ गोल करत :
‘आमच्या गल्लीतला खाटीकही द्यायचा.
हुमेल नाव त्याचं. एका हाताला चारच बोटं.
आई म्हणायची, नको. रोज म्हणायची, नको.’

मग त्यांनी माझ्या बोटांतली चकती घेतली
आणि खाल्ली. उभ्यानं. दुकानात.
डोळेबिळे मिटले नाहीत, कोट घालून नीट चावली.
माएल असा बघत राहिला,
जणू आजीनं लाल सिग्नल तोडलाय.
‘तो थांबेल,’ त्या म्हणाल्या.
‘मी साठ वर्षं थांबलेय.’

दुसरी चकती मी बटरपेपरात गुंडाळली.
एवढ्याशा वजनाला काटा पावती देत नाही,
म्हणून भावाच्या पेननं वर लिहिलं : १६.३०.
पोरानं ती कोटाच्या आतल्या खिशात ठेवली,
वर हात दाबून धरला,
आणि टूथपेस्टच्या गठ्ठ्यामागून चालू लागला
जत्रेत पैसे सांभाळावेत तसा.

त्यानंतर गिऱ्हाइकं आली. कुणाला पाव किलो खिमा,
कुणाला यकृत, पण कालचं नको.
दाराजवळ एक पोर ब्रेत्सेल सांडत रडत होतं.
माझी नजर सारखी भिंतीवर.
साडेचारला मी हात धुतले, पुसले,
एक चकती कापली
आणि आपल्याच तोंडात टाकली.
एकवीस वर्षांत कामावर पहिल्यांदा.

मीठ जरा जास्तच असतं की.